जुन्या गाडीची पाठचिकित्सा

१९९० च्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी एका दिवाणी दाव्याचा निकाल दिला. दावा पैशांचा होता, पण त्याच्या पोटातला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातही शोभला असता. समोर उभी असलेली मोटारगाडी ही 'ती'च गाडी आहे काय? 'ती' म्हणजे बेंटली कंपनीची स्पीड सिक्स जातीची शर्यतीची गाडी. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे तिने ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. दोन्ही वेळा तिच्या चालकांत वूल्फ बार्नाटो होता. जोडीला पहिल्या वर्षी टिम बर्किन आणि दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. शौकिनांच्या जगात तिचे नाव 'ओल्ड नंबर वन'. हबर्ड नावाच्या तिच्या मालकाने ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार मिडलब्रिज सिमिटर या कंपनीशी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केला. पुढे कंपनीने अंग काढून घेतले. कारण असे दिले की, जी आम्हांला विकली जात आहे ती खरी 'ओल्ड नंबर वन' नव्हेच.

कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. १९३२ मध्ये या गाडीत बेंटलीचे आठ लिटरचे इंजिन बसवलेले होते आणि त्या रूपात ती ब्रुकलंड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरली. तिथे ती वळणाच्या उतरत्या भिंतीवरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. त्यानंतर तिची पुनर्बांधणी होऊन ती बार्नाटोसाठी बंद छताची कूपे झाली. हात बदलत, रूपे बदलत ती हबर्डकडे आली. न्यायालयाने साक्षीपुरावे तपासून जी यादी काढली, ती वाचताना आम्हांला हस्तलिखितांच्या वर्णनसूचीची आठवण झाली. १९२९ च्या गाडीपैकी, काळ ठरवणे अवघड अशा किरकोळ जोडण्या सोडल्या, तर काही उरलेले नाही. १९३० च्या गाडीपैकी पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा स्तंभ. १९३२ च्या रूपापैकी चार लिटर जातीच्या गाडीची चॅसी आणि आठ लिटर इंजिनाचे कवच. एवढ्या सामग्रीवर न्यायमूर्तींनी निर्णय दिला की गाडी 'मूळ' म्हणता येणार नाही, पण ती अस्सल 'ओल्ड नंबर वन' आहे. तिचे अस्तित्व कधी खंडित झालेले नाही, ती बदलत गेली, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. सबब कराराचे पालन झाले पाहिजे.

निकाल योग्य होता असे आमचे मत आहे. मात्र आमचा रोख निकालावर नाही, त्या आधीच्या टप्प्यावर आहे. जुनी स्पोर्ट्‌स गाडी विकत घेण्यापूर्वी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, हा सल्ला जो तो देतो. तपासायचे म्हणजे नेमके काय, याविषयी मात्र विलक्षण गोंधळ आढळतो. आणि हा गोंधळ साहित्याच्या अभ्यासकांनी सोडवण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते. या पानांवर मोटारगाडीचा विषय पाहून ज्यांच्या भुवया उंचावल्या असतील त्यांनी थोडा धीर धरावा.

तपासणीत दोन निरनिराळे प्रश्न एकाच दोरीत बांधले जातात. पहिला अवस्थेचा: ही वस्तू आज कशी आहे? दुसरा ओळखीचा: ही वस्तू कोण आहे? पहिल्याचे उत्तर वैद्याच्या धर्तीने मिळते, दुसऱ्याचे संपादकाच्या. कायद्यानेही हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात वर्णनानुसार विक्रीचे कलम पंधरावे आहे, तर गुणवत्ता आणि उपयुक्ततेचे सोळावे. ज्याची चिंता त्याने करावी या तत्त्वाचा मूळ मुक्काम सोळाव्या कलमात आहे. वर्णन मात्र विक्रेत्याच्या गळ्यात असते. व्यवहारात खरेदीदार नेमके उलट करतो. अवस्थेसाठी मेकॅनिक नेमतो, आणि ओळखीबाबत विक्रेत्याच्या तोंडच्या कथेवर विसंबतो.

अवस्थेचा प्रश्न सोपा आहे असे कोणी समजू नये. उदाहरणादाखल पोर्शची ९११ घेऊ. ही गाडी १९६४ पासून विक्रीत आहे, आणि १९९८ पर्यंत तिचे इंजिन हवेने थंड होणारे होते. त्या काळातल्या ९११ ना आज मोठी मागणी आहे आणि म्हणून त्यांच्या तपासणीचे शास्त्रही बरेच पुढे गेले आहे. जाणता तपासनीस पहिली अट घालतो की आपण पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. थंड इंजिन जे बोलते ते गरम झालेले बोलत नाही. सुरू होताच मागून निळसर धूर निघाला, तर नवखा ग्राहक घाबरतो. वास्तविक या इंजिनाची सहा सिलिंडरे आडवी, तीन इकडे तीन तिकडे अशी असतात. उभ्या गाडीत तेल त्यांत उतरून राहते आणि पहिला थोडा धूर हा स्वभावच आहे. धूर थांबला नाही, तर मात्र व्हॉल्व्ह गाइडची झीज मनात धरावी लागते. म्हणजे एकाच चिन्हाचे दोन अर्थ, आणि कोणता घ्यायचा ते संदर्भाने ठरणार. हे वाचनच आहे.

मग येते ती गळतीची चाचणी. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचे. आकडा महत्त्वाचा, पण कान त्याहून महत्त्वाचा. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसत असेल तर एक दोष, क्रँककेसमधून येत असेल तर दुसरा. १९६८ ते १९७७ या काळातल्या बहुतेक ९११ ची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. त्यातही १९७४ नंतरच्या २.७ लिटर इंजिनांत उष्णतेने हेड पक्के धरणारे बोल्ट आपल्या आट्यांतून उपटून येण्याची खोड प्रसिद्ध आहे. अशा गाडीत पूर्वी पोलादी गुटके बसवून दुरुस्ती झाली असेल, तर ती 'मूळ नाही' म्हणून नाक मुरडायचे की शहाणपणाची म्हणून किंमत द्यायची? आम्ही डोळे मिटून दुसऱ्या बाजूला. टायमिंगच्या साखळ्यांना ताण देणाऱ्या यंत्रणेचेही तेच. जुन्या गाड्यांत ती अचानक दगा देई. १९८४ च्या करेरापासून कंपनीने तिला तेलाच्या दाबावर चालणारे रूप दिले, आणि शेकडो मालकांनी तोच सुधारित भाग आपल्या जुन्या इंजिनांत घालून घेतला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा शिरलेले अपपाठ दूर करणे हा ग्रंथाचा अपमान आहे असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

पण इंजिन हा या गाडीचा खरा शत्रू नव्हेच. खरा शत्रू गंज. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शने ९११ च्या पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्यास सुरुवात केली. त्याआधीच्या गाड्या युरोपातल्या हिवाळ्यात रस्त्यांवर पसरल्या जाणाऱ्या मिठाने आतून खाल्ल्या जात. गंज दिसतो तिथे नसतो. दिसतो तिथे तो बाहेर पडलेला असतो. दारांखालचे पोकळ उंबरठे, पुढच्या बॅटरीची जागा, मागच्या टॉर्शन बारच्या नळीभोवतीचा भाग ही त्याची माहेरघरे. त्यांतली शेवटची जागा तर निलंबनाचा सगळा भार पेलते. ती कुजली असेल तर वर कितीही झळझळीत रंग असला तरी खाली गाडी नाही, गाडीचे चित्र आहे. आपल्याकडचे डेंटर-पेंटर ज्या पदार्थाला लांबी म्हणतात, तो जगभर सगळीकडे एकच काम करतो: पत्रा नसलेल्या जागी पत्रा असल्याचा आभास. त्यासाठी तपासनीस रंगाच्या थराची जाडी मोजणारे छोटे यंत्र घेऊन फिरतो. कारखान्यातला थर साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या घरात असतो. एका दारावर तो आणि शेजारच्या मडगार्डावर हजार भरला, तर तिथे काहीतरी घडून गेले आहे एवढे निश्चित. काय घडले ते यंत्र सांगत नाही. पार्किंगमधला धक्काही असेल, उलटलेली गाडीही असेल.

जाता जाता टायरांविषयी. २००० सालापासून टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुन्या गाड्या वर्षाकाठी थोड्याच फिरतात. त्यामुळे त्यांच्या टायरांच्या खाचा अगदी नव्यासारख्या आणि रबर मात्र म्हातारे, असा प्रकार सर्रास दिसतो. लाखोंची गाडी तपासताना हा चार आकड्यांचा मजकूर वाचायचा राहून जातो, आणि जीव जातो तो इथे.

आता ओळखीकडे वळू. इथे बाजाराने एक परवलीचा शब्द तयार केला आहे: 'मॅचिंग नंबर्स'. चॅसीवर ठोकलेला आकडा, इंजिनावरचा आकडा आणि कंपनीच्या दप्तरातली नोंद जुळली की गाडी अस्सल. कल्पना चांगली, पण तिच्यावर श्रद्धा बसली की ती घातक होते. १९७३ च्या मॉडेलची करेरा आर. एस. ही ९११ एकंदर १५८० बनली. साध्या ९११ पेक्षा तिची किंमत कितीतरी पट. मागच्या झाकणावरचे बदकाच्या शेपटीसारखे पंख, रुंद चाके, बाजूवरची अक्षरे हे सारे कुठल्याही समकालीन ९११ ला चढवता येते, आणि चढवले गेलेही आहे. प्रांजळ मालक अशा गाडीला प्रतिकृती म्हणतो. अप्रांजळ मालक आकडे ठोकतो. म्हणून तपासनीस आकडा काय आहे एवढ्यावर थांबत नाही. ठशांचे वळण, दोन अंकांमधले अंतर, ठोकण्याची खोली, भोवतालचा धातू घासलेला आहे काय, हे सारे तो भिंगाखाली पाहतो. रिव्हेटने जडवलेली पट्टी तर मुळीच विश्वासार्ह नाही. ती एका गाडीवरून काढून दुसरीवर लावायला दहा मिनिटे पुरतात.

हस्तलिखितांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे नवे नाही. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते, तिच्यात शक, स्थळ, लेखकाचे नाव. नवशिक्या अभ्यासक तिच्यावरून पोथीचा काळ ठरवून मोकळा होतो. पण पुढचा लेखनिक मूळ पोथी उतरवताना पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतो, आणि मग दोनशे वर्षांनी लहान असलेली पोथी आपले वय फुगवून सांगू लागते. लेखनिकाच्या मनात लबाडी नसते, हा भाग वेगळा. अशा वेळी कागद, शाई, अक्षराचे वळण यांची साक्ष घ्यावी लागते. पुष्पिका हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. चॅसी क्रमांकाचा दर्जा आमच्या लेखी तोच आहे.

इथे आपल्याकडच्या एका नियमाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नवे नियम केले आणि त्यांना 'व्ही. ए.' अक्षरांची वेगळी क्रमांकमाला दिली. पात्रतेची अट अशी की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली असावीत, वाहन मूळ स्वरूपात असावे, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी कोणतीही मोठी पुनर्रचना झालेली नसावी. लंडनच्या न्यायालयाने जिला अस्सल ठरवले, ती 'ओल्ड नंबर वन' या कसोटीवर पहिल्याच फेरीत बाद होईल. एका ठिकाणी ओळख म्हणजे अखंड इतिहास, दुसऱ्या ठिकाणी ओळख म्हणजे न बदललेले द्रव्य. दोन्ही व्याख्या आपापल्या कामापुरत्या ठीक आहेत. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाकडून न्यायमूर्ती ऑटन यांच्यासारखी चिकित्सा कोणी अपेक्षू नये. पण खरेदीदाराने आपण यांतल्या कोणत्या अर्थाने 'अस्सल' गाडी शोधतो आहोत हे तपासनीसाला आधी सांगायला हवे. ते न सांगता 'गाडी ओरिजिनल आहे का तेवढे बघा' असे म्हणणे म्हणजे विद्यार्थ्याला 'ही कविता चांगली आहे का तेवढे लिही' असा प्रश्न घालण्यासारखे आहे.

मूळतेच्या हव्यासाने आणखी एक अनर्थ केला आहे. गाडी 'मूळ' दिसावी म्हणून ती संपूर्ण उकलून, पत्रा उघडा करून, कारखान्यातही कधी नव्हता इतका चकचकीत रंग देऊन नवी करायची, अशी चाल पडली. अशा जीर्णोद्धारात जुना रंग जातो, वेल्डिंगच्या कारखानी खुणा जातात, आसनाच्या चामड्याखाली कामगाराने खडूने काढलेला आकडा जातो. थोडक्यात, ज्यांवरून ओळख पटवायची ते पुरावेच जातात, आणि हाती उरते ती दाखवायला योग्य पण वाचायला निरुपयोगी वस्तू. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली, ती याच चालीला आवर घालण्यासाठी. वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचे संस्कार तिच्यावर स्पष्ट आहेत. जतन आधी, जीर्णोद्धार नाइलाजाने, आणि केलेला प्रत्येक बदल नोंदलेला, अशी तिची दिशा.

नोंद हा शब्द आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे त्यांना ठाऊक आहे की तिचे सामर्थ्य पानाच्या वरच्या भागापेक्षा खालच्या भागात आहे. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ. खाली, बारीक अक्षरांत, नाकारलेले सगळे पाठ, कोणत्या पोथीत कोणता ते सांगून. सुखटणकरांनी व्यासांची मूळ संहिता सापडल्याचा दावा कधी केला नाही. उपलब्ध पुराव्यांवरून जिथवर मागे जाता येईल तिथवर जायचे आणि रस्ता उघडा ठेवायचा, एवढाच त्यांचा प्रयत्न. निर्णय चुकला असे वाटणाऱ्याला तो बदलण्याचे साहित्य त्याच पानावर मिळते.

तपासणीचा अहवाल असा हवा. प्रत्यक्षात हाती पडतो तो बहुधा गुणपत्रिकेसारखा असतो: रंग आठ, इंजिन सात, अंतर्भाग नऊ, एकूण 'उत्तम'. अशा कागदाचा उपयोग बायकोला किंवा बँकेला दाखवण्यापुरता. आठ कशावरून, कोणत्या पत्र्यावर किती मायक्रॉन, कोणत्या सिलिंडरला किती टक्के गळती, कोणता भाग केव्हा आणि कोणी बदलला, कोणत्या पावतीवरून, आणि विशेषतः काय पाहता आले नाही, हे त्यात असेल तरच तो अहवाल. 'लिफ्ट उपलब्ध नसल्याने तळ पाहिला नाही' हे एक वाक्य दहा प्रशस्तींपेक्षा मोलाचे आहे, आणि तेच बहुधा गाळले जाते.

यावर आक्षेप येईल की गाडी ही पोथी नव्हे, ती चालवायची असते. इतकी चिकित्सा केली तर मनुष्य घेणारच नाही. आक्षेपात तथ्य आहे. प्रेमात पडलेल्या माणसाला तपासनीस खलनायक वाटतो, जसा आवडत्या कवीच्या चाहत्याला समीक्षक वाटतो. पण चिकित्सेचा निष्कर्ष 'घेऊ नका' असाच निघतो, हा गैरसमज आहे. गंजलेली, इंजिन बदललेली, दोनदा रंगवलेली ९११ सुद्धा घेण्याजोगी असते. तशी आहे हे माहीत असून, त्या किमतीला. 'ओल्ड नंबर वन'चा तंटा गाडी वाईट होती म्हणून झाला नाही. गाडी अतिशय सुंदर होती. दोन्ही पक्षांनी एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मनात धरल्या होत्या.

उरतो तपासनीस कोण असावा हा प्रश्न. विक्रेत्याचा नेहमीचा मेकॅनिक नको, हे सांगायला नको. त्याला गाडी सर्वांत जास्त ठाऊक असते आणि नेमके म्हणूनच त्याची साक्ष स्वतंत्र मानता येत नाही. ती घ्यावी, पण साक्ष म्हणून. सर्व गाड्या जाणणाऱ्यापेक्षा ही एकच जात जाणणारा बरा. खरेदीदाराने शक्यतो स्वतः तिथे हजर राहावे आणि कमी बोलावे. विक्रेता थंड इंजिन दाखवायला, गळतीची चाचणी करू द्यायला किंवा उंबरठ्याखाली दुर्बीण घालू द्यायला तयार नसेल, तर वाद घालू नये. काय मागितले, काय नाकारले आणि कोणते कारण दिले ते तारखेसह अहवालात उतरवून घ्यावे, आणि किंमत त्यानंतर बोलावी.